जुन्या डाइव्ह घड्याळांचा संग्रह

पाण्याखाली काम करणाऱ्या पाणबुड्यांसाठी विसाव्या शतकात, मुख्यत्वे १९५० ते १९८० या कालखंडात, तयार झालेली यांत्रिक मनगटी घड्याळे जमविणे, त्यांचा अभ्यास करणे आणि ती मूळ स्थितीत जतन करणे या छंदास जुन्या डाइव्ह घड्याळांचा संग्रह असे म्हणतात. रोलेक्स, ब्लाँपें, ओमेगा, ट्यूडर, डोक्सा व पानेराई या युरोपीय आणि सायको या जपानी कंपनीची घड्याळे या संग्रहाच्या केंद्रस्थानी आहेत. ही घड्याळे मुळात अवजारे होती. नौदलाचे पाणबुडे, समुद्रसंशोधक आणि तेलविहिरींवरील कामगार ती वापरीत, आपटीत आणि मोडली की बदलून घेत. आज त्यांपैकी काहींची किंमत एखाद्या घराइतकी आहे. पुष्कळ संग्रहांत वस्तूचे मोल तिच्या कारागिरीवर किंवा धातूवर ठरते. येथे मात्र वस्तूत किती कमी ढवळाढवळ झाली आहे, यावर ते ठरते. त्यामुळे एके काळी जी दुरुस्ती घड्याळाचे आयुष्य वाढवीत असे, तीच आज त्याचे मोल घटविते.

संज्ञा

मराठीत ‘पाणबुड्या’ म्हणजे बुडी मारणारा मनुष्य आणि ‘पाणबुडी’ म्हणजे पाण्याखालून चालणारी नौका. त्यामुळे ‘पाणबुडी घड्याळ’ या शब्दाने घोटाळा होतो व ‘पाणबुड्यांचे घड्याळ’ हा शब्दप्रयोग अधिक बरोबर ठरतो. व्यवहारात मात्र ‘डाइव्ह घड्याळ’ किंवा ‘डायव्हर’ हेच शब्द रूढ आहेत. साधारणतः पंचवीस-तीस वर्षांहून जुने घड्याळ संग्राहकांच्या भाषेत ‘व्हिंटेज’ ठरते. याविषयी कोणताही सर्वमान्य नियम नाही.

केवळ पाणी आत न शिरणे एवढ्याने घड्याळ डाइव्ह घड्याळ होत नाही. अंधारात वाचता येणारी तबकडी, बुडी मारल्यापासून किती मिनिटे गेली ते दाखविणारे फिरते कडे आणि मोठ्या दाबाला टिकणारी केस या तिन्ही गोष्टी लागतात. आज या अटी आयएसओ ६४२५ या आंतरराष्ट्रीय मानकात नमूद आहेत. त्यानुसार घड्याळ किमान १०० मीटर खोलीसाठी बनविलेले असावे लागते आणि नमूद खोलीच्या दाबापेक्षा २५ टक्के अधिक दाबाखाली त्याची चाचणी घ्यावी लागते. संग्राहकांना प्रिय असलेली बहुतेक घड्याळे या मानकाच्या आधीची आहेत.

फिरत्या कड्याचे प्रयोजन

समुद्रात दर १० मीटर खोलीमागे दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. या दाबाखाली श्वासावाटे घेतलेला नायट्रोजन रक्तात व ऊतींत विरघळतो. पाणबुड्या फार वेळ खाली राहून एकदम वर आला, तर सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर जसे बुडबुडे येतात तसे ते शरीरात निर्माण होतात. यातून असह्य सांधेदुखी, पक्षाघात व प्रसंगी मृत्यू ओढवतो. म्हणून खोलीनुसार किती मिनिटे राहावे आणि वर येताना कोठे थांबावे याचे तक्ते असतात. हातात अचूक घड्याळ नसेल, तर ते तक्ते निरुपयोगी ठरतात.

बुडी मारताना पाणबुड्या कड्यावरील त्रिकोणी खूण मिनिटकाट्यासमोर आणतो. त्यानंतर मिनिटकाटा कड्यावरच्या ज्या आकड्यासमोर असेल, तितकी मिनिटे गेली असे समजायचे. एवढी साधी ही युक्ती आहे. कड्याला धक्का लागून ते सरकले, तर मात्र हिशेब चुकतो. यावर उपाय म्हणून कडे एकाच दिशेने फिरेल अशी रचना करण्यात आली. मग ते चुकून सरकले, तरी प्रत्यक्षापेक्षा जास्त वेळ गेल्याचे दिसते आणि पाणबुड्या लवकर वर येतो. रोलेक्स सबमरीनरचे कडे दीर्घकाळ दोन्ही दिशांनी फिरत असे, हे तिच्या चाहत्यांना फारसे आठवत नाही.

पूर्वपीठिका

रोलेक्सने १९२६ मध्ये ‘ऑयस्टर’ नावाची स्क्रूने आवळून बंद होणारी केस आणली. पुढील वर्षी मर्सिडीझ ग्लाइट्झ या इंग्लिश जलतरणपटूने ऑक्टोबरच्या थंडगार पाण्यात इंग्लिश खाडीत पुन्हा उडी घेतली, तेव्हा तिच्या गळ्यात ऑयस्टर घड्याळ होते. तिला तो पल्ला पूर्ण करता आला नाही, मात्र घड्याळ चालू राहिले. यशस्वी ठरलेले पहिले पोहणे त्याआधी दोन आठवड्यांचे होते. जाहिरातींच्या प्रभावामुळे अनेक ठिकाणी या दोन घटना एकत्र सांगितल्या जातात.

पाण्याखालील वापरासाठी म्हणून विक्रीस आलेल्या पहिल्या घड्याळांत ओमेगाच्या ‘मरीन’ची (१९३२) गणना होते. त्यात एका केसमध्ये दुसरी केस सरकवून बसविलेली असे. याच दशकात फ्लॉरेन्समधील पानेराई या पेढीने इटालियन नौदलासाठी मोठ्या आकाराची, रेडियमच्या लेपाने उजळणारी घड्याळे तयार केली. त्यांच्या केस व यंत्रे प्रारंभी रोलेक्सकडून येत. ही घड्याळे वापरणाऱ्या दलातील पाणबुड्यांनी डिसेंबर १९४१ मध्ये अलेक्झांड्रिया बंदरात शिरून ‘क्वीन एलिझाबेथ’ व ‘व्हॅलियंट’ या दोन ब्रिटिश युद्धनौका निकामी केल्या. पानेराईचे काम अनेक दशके लष्करापुरतेच मर्यादित होते. सामान्य ग्राहकांसाठी ती घड्याळे १९९३ मध्ये खुली झाली.

पाण्याखाली मोकळेपणाने पोहण्याची सोय झाली ती जाक-ईव्ह कुस्तो व एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये तयार केलेल्या श्वसनयंत्रामुळे. युद्धानंतर नौदलांपाठोपाठ हौशी मंडळीही समुद्रात उतरू लागली आणि घड्याळ कंपन्यांना नवा ग्राहक मिळाला.

पन्नास वाव आणि सबमरीनर

डाइव्ह घड्याळाचे आजचे रूप १९५३-५४ या दोन वर्षांत ठरले. ब्लाँपें कंपनीचे प्रमुख जाँ-जाक फिश्तेर हे स्वतः हौशी पाणबुडे होते. बुडी मारून असताना वेळेचे भान सुटल्याने हवा संपत आल्याचा प्रसंग त्यांच्यावर गुदरला होता. दुसरीकडे फ्रेंच नौदलाच्या नव्या लढाऊ पाणबुडे पथकाचे अधिकारी रोबेर मालुबिए व क्लोद रिफो हे आपल्या जवानांसाठी घड्याळ शोधत होते. या दोन गरजांतून १९५३ मध्ये ‘फिफ्टी फॅदम्स’ हे घड्याळ निघाले. काळी तबकडी, ठळक आकडे, दाबल्याखेरीज न फिरणारे कडे, चावीभोवती दुहेरी गास्केट आणि आपोआप चावी भरणारे यंत्र ही त्याची वैशिष्ट्ये होत. ‘फॅदम’साठी मराठीत ‘वाव’ हा नेमका शब्द आहे. दोन्ही हात पसरले असता होणारे अंतर म्हणजे एक वाव. कोकणातील दर्यावर्दी पाण्याची खोली याच मापाने सांगत आले. पन्नास वाव म्हणजे सुमारे ९१ मीटर. त्या काळच्या पाणबुड्याला उतरता येण्याजोग्या खोलीची ही मर्यादा मानली जाई.

रोलेक्सने आपली ‘सबमरीनर’ १९५४ च्या बासेल येथील प्रदर्शनात मांडली. सुरुवातीच्या सबमरीनरच्या चावीच्या बाजूंना संरक्षक कडा नव्हत्या. त्यांतील मोठ्या चावीचे ६५३८ हे मॉडेल ‘डॉक्टर नो’ (१९६२) या चित्रपटात शॉन कॉनरी यांच्या मनगटावर दिसले आणि पुढे ‘बाँड सबमरीनर’ म्हणून प्रसिद्ध झाले. चावीला संरक्षक कडा असलेले ५५१२ हे मॉडेल १९५९ मध्ये आले. त्याचेच काहीसे साधे रूप असलेले ५५१३ हे मॉडेल १९६२ पासून १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ त्याच स्वरूपात बनत राहिले. तारीख दाखविणारी पहिली सबमरीनर म्हणजे १६८०. तिच्या प्रारंभीच्या तबकड्यांवर ‘सबमरीनर’ हा शब्द तांबड्या अक्षरांत आहे. एवढ्या एका तांबड्या ओळीमुळे किमतीत मोठा फरक पडतो.

अन्य कंपन्यांपैकी ओमेगाचे ‘सीमास्टर ३००’ (१९५७) व डोक्साचे ‘सब ३००’ (१९६७) ही विशेष उल्लेखनीय होत. डोक्साने तबकडी नारिंगी रंगाची केली आणि कोणत्या खोलीवर किती मिनिटे न थांबता राहता येईल याचा तक्ता थेट कड्यावरच कोरला. रोलेक्सची भगिनी कंपनी ट्यूडर हिची घड्याळे फ्रेंच नौदलाने अनेक वर्षे घेतली. १९६९ च्या सुमारास त्यांवर आलेल्या चौकोनी टोकाच्या काट्यांना संग्राहक ‘स्नोफ्लेक’ म्हणतात. सायकोचे पहिले डाइव्ह घड्याळ १९६५ चे असून ते १५० मीटरसाठी होते. त्यानंतरचे ६१०५ हे मॉडेल व्हिएतनाम युद्धातील अमेरिकी सैनिकांत लोकप्रिय होते. ‘अपोकॅलिप्स नाऊ’ (१९७९) या चित्रपटातील कॅप्टन विलार्डच्या हातात तेच आहे. सोव्हिएत संघातील व्होस्टोक कारखान्याचे ‘अम्फिबिया’ (१९६७) ऐषारामी मुळीच नव्हे, परंतु दाब वाढेल तसे मागचे झाकण अधिक घट्ट बसावे ही त्याची रचना इतकी हुशारीची आहे की, अल्प खर्चात या विषयाची ओळख करून घेणाऱ्याने तेथूनच आरंभ करावा.

हेलियमचा प्रश्न

१९६० च्या दशकात पाणबुडे दिवसेंदिवस दाबाच्या कोठीत राहून खोल पाण्यात काम करू लागले. त्यांना श्वसनासाठी हेलियममिश्रित वायू दिला जाई. हेलियमचे अणू इतके सूक्ष्म की ते गास्केटमधून घड्याळात शिरत. वर येताना बाहेरचा दाब कमी झाला की आत अडकलेला वायू काच उडवून बाहेर पडे. यावर रोलेक्सने केसच्या बाजूला एकमार्गी झडप बसविली व १९६७ मध्ये ‘सी-ड्वेलर’ हे घड्याळ सिद्ध केले. आँरी-जेर्मेँ दलोझ यांनी मार्सेय येथे १९६१ मध्ये स्थापन केलेल्या कोमेक्स या कंपनीच्या पाणबुड्यांनी अशी घड्याळे प्रत्यक्ष कामावर वापरली. तबकडीवर ‘कोमेक्स’चे चिन्ह असलेली रोलेक्स घड्याळे आज सर्वाधिक मागणीच्या घड्याळांत मोडतात.

सायकोने हाच प्रश्न उलट बाजूने सोडविला. हिरोशिमाजवळील कुरे येथील एका पाणबुड्याने १९६८ मध्ये कंपनीला तक्रारीचे पत्र लिहिले. त्यातून सुरू झालेल्या कामाचे फळ म्हणजे १९७५ चे ६०० मीटर खोलीचे टायटॅनियम घड्याळ. त्यात झडप नाहीच. हेलियम आत शिरणारच नाही असे गास्केट त्याला बसविले होते. बाहेरील गोल आवरणामुळे ते डब्यासारखे दिसते व त्याला ‘टूना कॅन’ म्हणजे माशाचा डबा असे टोपणनाव मिळाले.

अवजारापासून ऐषारामाकडे

१९६९ मध्ये सायकोने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणल्यावर स्विस यांत्रिक घड्याळांचा धंदा कोलमडला. १९८० च्या दशकात पाणबुड्यांच्या मनगटावर खोली व वेळ यांचा हिशेब स्वतःच करणारे छोटे संगणक आले आणि यांत्रिक डाइव्ह घड्याळाची व्यावहारिक गरज संपली. गरज संपल्यानंतरच त्याची प्रतिष्ठा वाढली, हा या इतिहासातील विरोधाभास आहे. जुन्या रोलेक्सकडे गंभीरपणे पाहणाऱ्या आद्य संग्राहकांत इटालियन मंडळींचा वाटा मोठा होता. पुढे आंतरजालामुळे छायाचित्रे व नोंदी यांची देवाणघेवाण सुलभ झाली आणि तबकडीवरील एकेका अक्षराच्या वळणाचा अभ्यास सुरू झाला.

लिलावांतील किमतींनी या छंदाला प्रसिद्धी दिली. अभिनेते स्टीव्ह मक्वीन यांची मानली गेलेली ५५१२ सबमरीनर २००९ मध्ये २,३४,००० डॉलरना विकली गेली. २०१८ मध्ये दुर्मीळ तबकडीच्या ६५३८ ला न्यू यॉर्क येथील लिलावात दहा लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. तेच यंत्र, तीच केस, पण साधी तबकडी असती, तर ही किंमत कित्येक पटींनी कमी झाली असती.

तबकडीचे महत्त्व

संग्राहक घड्याळ हाती घेतो तेव्हा प्रथम तबकडी पाहतो. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रोलेक्सच्या तबकड्या काचेसारख्या चकचकीत काळ्या असत आणि त्यांवरची अक्षरे सोनेरी दिसत. ही अक्षरे रंगवलेली नसत. काळा थर चढविताना अक्षरांची जागा मोकळी सोडली जाई आणि खालचे पितळ तेथून दिसे. अशा तबकड्यांना ‘गिल्ट’ म्हणतात. नंतर निस्तेज काळ्या पृष्ठावर पांढऱ्या शाईने छापलेल्या तबकड्या आल्या. काही वर्षे खोलीचा आकडा मीटरमध्ये आधी व फुटांत नंतर लिहिलेला असे. पुढे हा क्रम उलटला. अशा तपशिलांवरून घड्याळाचा काळ दोन-तीन वर्षांच्या अंतराने सांगता येतो.

काही तबकड्यांवरील काळा रंग उन्हाने व काळाने तपकिरी झाला. हा वस्तुतः कारखान्यातील लेपाचा दोष होता. त्या काळी ग्राहकाने अशी तबकडी परत केली असती आणि कंपनीने ती मुकाट्याने बदलून दिली असती. आज तिला ‘ट्रॉपिकल’ म्हणतात व चॉकलेटी रंग एकसारखा उतरला असल्यास तिला अधिक किंमत येते. दोष म्हणजे सौंदर्य ठरण्याचे इतके स्वच्छ उदाहरण अन्यत्र क्वचितच सापडेल.

याच कारणाने कंपन्यांच्या अधिकृत दुरुस्ती केंद्रांनी जुन्या घड्याळांचे मोठे नुकसान केले, असे संग्राहक म्हणतात. घड्याळ सफाईला गेले की केंद्रात त्याची डागाळलेली तबकडी व फिके काटे काढून नवे बसविले जात, केस घासून चकचकीत केली जाई आणि ओरखडे पडलेले कडे बदलले जाई. जुने भाग बहुधा परत दिले जात नसत. घड्याळजीच्या दृष्टीने हे उत्तम काम होते. घड्याळ नव्यासारखे होऊन मालकाकडे परत जाई आणि मालकही समाधानी असे. त्याला अवजार हवे होते व ते मिळाले. त्या दुरुस्तीला आजच्या कसोटीवर दोष देणे न्याय्य नाही. परंतु अशी ‘सर्व्हिस’ तबकडी असलेले घड्याळ मूळ तबकडीच्या घड्याळापेक्षा पुष्कळ स्वस्त जाते, हेही खरे.

चमकणारा लेप

पाण्याखाली दहा-पंधरा मीटरवरच प्रकाश मंदावतो, म्हणून काटे व खुणा यांवर स्वयंप्रकाशी लेप लावला जाई. प्रारंभी त्यात रेडियम असे. रेडियमच्या किरणांनी झिंक सल्फाइड हा पदार्थ उजळतो. १९२० च्या दशकात अमेरिकेतील कारखान्यांत तबकड्या रंगविणाऱ्या तरुण मुली ब्रशाचे टोक ओठांनी अणकुचीदार करीत. रेडियम पोटात जाऊन त्यांतील अनेकींचा जबड्याच्या व हाडांच्या विकाराने अंत झाला. तरीही १९६० च्या आसपासपर्यंत घड्याळांत रेडियम राहिले. मराठीत आजही रिक्षाच्या मागे चिकटवलेल्या चमकदार अक्षरांना ‘रेडियम’च म्हणतात. त्यात रेडियमचा अंशही नसतो, पण शब्द टिकून आहे.

१९६० च्या दशकाच्या आरंभी रेडियमची जागा ट्रिटियम या कमी घातक पदार्थाने घेतली आणि तबकडीच्या तळाशी ‘टी’ हे अक्षर छापले जाऊ लागले. संक्रमणकाळातील काही तबकड्यांवर सहाच्या खुणेखाली एक बारीक ठिपका किंवा एखादी छोटी रेघ दिसते. ती किरणोत्सार घटविल्याची खूण असावी असे मानले जाते. रोलेक्सने ट्रिटियम १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत वापरले. त्यानंतर प्रकाश साठवून चमकणारे, किरणोत्सारी नसलेले लेप आले.

येथे एक गैरसमज दूर करणे अत्यावश्यक आहे. जुने रेडियमचे घड्याळ आता अंधारात चमकत नाही, म्हणून ते निरुपद्रवी झाले असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात किरणांच्या माऱ्याने झिंक सल्फाइड निकामी झालेले असते. रेडियम तसेच असते. त्याचा अर्धायुकाल सुमारे १६०० वर्षे असल्याने १९५५ च्या घड्याळात आजही मूळच्या सुमारे ९७ टक्के रेडियम शिल्लक आहे. ट्रिटियमचा अर्धायुकाल १२.३ वर्षे, म्हणजे १९७० च्या घड्याळात २०२५ साली त्यातील जेमतेम साडेचार टक्के उरले. बंद केसमधील रेडियमच्या घड्याळापेक्षा उघडलेल्या घड्याळातील भुगा अधिक घातक असतो. तो श्वासावाटे अगर बोटांवाटे शरीरात जाता कामा नये. अशी घड्याळे घरी उघडू नयेत, लेप खरवडू नये, मुलांच्या हाती देऊ नयेत व हवा खेळती असलेल्या जागी ठेवावीत.

काळाने ट्रिटियमचा लेप पांढऱ्याचा पिवळसर, कधी भोपळ्यासारखा नारिंगी होतो. तबकडीवरील ठिपके व काटे यांचा रंग सारखा असावा ही संग्राहकाची पहिली कसोटी. दोन्हींत फरक असल्यास एक भाग बदललेला असण्याचा संभव असतो. मात्र ओलाव्याने केवळ काट्यांचा लेप काळवंडू शकतो. त्यामुळे ही कसोटी एकटी पुरेशी नाही.

केस, कडे व काच

केसच्या कडा धारदार असणे महत्त्वाचे. दर दुरुस्तीत घासली गेल्याने पट्टा बसविण्याचे चारही पाय बारीक व गोलसर होतात आणि गेलेला धातू परत येत नाही. लेसर वेल्डिंगने भर घालून पायांना पुन्हा आकार देण्याची कला अलीकडे विकसित झाली आहे. ती सांगून केलेली असावी एवढीच अपेक्षा. फिफ्टी फॅदम्सच्या आरंभीच्या कड्यांवर बेकेलाइट असे. ते ठिसूळ असल्याने अखंड कडे क्वचित मिळते. रोलेक्सच्या ॲल्युमिनियमच्या चकत्या काळ्याच्या राखाडी किंवा फिक्या निळ्या होतात. काच त्या काळी ॲक्रिलिकची असे. ती बदलल्याने मोल घटत नाही.

लष्करी घड्याळे

सैन्याला दिलेली घड्याळे हा या संग्रहाचा स्वतंत्र व सर्वाधिक वादग्रस्त भाग आहे. ब्रिटिश संरक्षण खात्याने १९७० च्या दशकात रोलेक्सकडून खास सबमरीनर घेतल्या. त्यांचे काटे तलवारीच्या आकाराचे, कड्यावर साठही मिनिटांच्या खुणा, तबकडीवर वर्तुळातील ‘टी’ आणि पट्ट्याच्या दांड्या केसला कायमच्या जोडलेल्या असत. फ्रेंच नौदलाच्या ट्यूडर घड्याळांच्या पाठीवर ‘एम. एन.’ ही अक्षरे व वर्ष कोरलेले असते. अमेरिकी नौदलासाठी फिफ्टी फॅदम्स ‘टोर्नेक-रेव्हिल’ या नावाने पुरविले गेले. ओलावा आत शिरल्यास रंग बदलणारी चकती त्याच्या तबकडीवर होती. किरणोत्सारी लेपामुळे सेवा संपल्यावर त्यांतील बहुतेक घड्याळे नष्ट करण्यात आली आणि उरलेली अत्यंत दुर्मीळ झाली. कोरलेली अक्षरे कोणालाही नव्याने कोरता येतात. त्यामुळे लष्करी घड्याळाबाबत सैनिकाचे सेवापत्र, हस्तांतराची नोंद किंवा कुटुंबातील जुनी छायाचित्रे यांना घड्याळाइतकेच महत्त्व असते.

जुळवणी आणि बनावट

सरळसरळ बनावट घड्याळ अनुभवी डोळ्याला लवकर ओळखू येते. कठीण असते ते निरनिराळ्या अस्सल घड्याळांचे भाग एकत्र करून जुळविलेले घड्याळ. त्याला ‘फ्रँकनवॉच’ म्हणतात. त्यातील प्रत्येक तुकडा खरा असतो. फक्त ते सर्व एका दिवशी, एका कारखान्यातून, एकत्र बाहेर पडलेले नसतात. या प्रकाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण डाइव्ह घड्याळाचे नसून सीमास्टर ३०० च्याच वर्षी जन्मलेल्या ओमेगा स्पीडमास्टरचे आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हा येथील लिलावात असे एक घड्याळ ३१ लाख स्विस फ्रँकांहून अधिक किमतीला गेले. ते ओमेगानेच आपल्या संग्रहालयासाठी घेतले होते. २०२३ मध्ये ते जुळवणीचे असल्याचे व त्यात आपल्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचे कंपनीने जाहीर केले. खुद्द निर्मात्याची फसगत होऊ शकते, तेथे एकट्या खरेदीदाराने किती सावध असावे हे वेगळे सांगावयास नको.

तपासणीची साधने साधी आहेत. घड्याळजीचे भिंग, जंबुपार किरणांचा दिवा आणि शक्य तर किरणोत्सारमापक एवढी पुरतात. दिव्याखाली नवा लेप बराच वेळ चमकत राहतो, जुना ट्रिटियमचा लेप क्षीण उजळून विझतो. केसवरील अनुक्रमांकाचा काळ आणि तबकडीचा काळ जुळतो का, हेही पाहावे लागते. काही कंपन्या जुन्या नोंदवह्यांवरून घड्याळ कधी व कोठे पाठविले याचे पत्र देत आल्या आहेत. रोलेक्स असे पत्र देत नाही. म्हणून रोलेक्सच्या बाबतीत मूळ पावती, हमीपत्र व डबी यांनाही स्वतंत्र किंमत येते, आणि जेथे कागदाला किंमत येते तेथे खोटे कागदही येतात.

मुंबईचा संदर्भ

जागतिक संग्राहकांच्या शब्दसंग्रहात आपल्याकडील एका शहराचे नाव आहे, पण ते गौरवाने नव्हे. भारतात तबकडी नव्याने रंगवून व मिळेल त्या भागांनी जुळवून विकलेल्या घड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. भडक रंग, जाड व किंचित वाकडी अक्षरे, मूळ कंपनीने कधीही न बनविलेली रंगसंगती ही त्याची लक्षणे. सायको, एचएमटी व फेवर ल्युबा यांची घड्याळे त्यात अधिक असतात, आणि डाइव्ह घड्याळांच्या धर्तीवर रंगविलेल्या तबकड्याही दिसतात.

या नावामागे एक इतिहास आहे व तो उपहासात हरवतो. स्वातंत्र्यानंतर अनेक दशके भारतात परदेशी घड्याळे व त्यांचे सुटे भाग आयात करण्यावर कडक निर्बंध होते. बंगळूर येथे एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ मध्ये घड्याळे बनविण्यास आरंभ केला, परंतु मागणी पुरवठ्यापेक्षा कितीतरी अधिक होती. पश्चिम किनाऱ्यावरून सोन्याबरोबर घड्याळांचीही तस्करी होई. लग्नात मिळालेले किंवा वडिलांकडून आलेले स्विस घड्याळ बिघडले, की मूळ भाग मिळण्याची आशा नसे. मग घड्याळजी दुसऱ्या घड्याळातले चाक बसवी, डागाळलेली तबकडी रंगवून घेई आणि घड्याळ पुन्हा चालू करून देई. या कामात फसवणूक नव्हती, टंचाईतून आलेले कसब होते. फसवणूक सुरू झाली ती असे घड्याळ ‘मूळ स्थितीतील’ म्हणून परदेशी ग्राहकाला विकले जाऊ लागले तेव्हा. या दोन गोष्टींतील भेद परकीय लेखनात क्वचितच केलेला आढळतो.

फेवर ल्युबा या स्विस पेढीचा मुंबईशी संबंध एकोणिसाव्या शतकापासूनचा आहे आणि तिची ‘सी चीफ’ व ‘सी किंग’ ही घड्याळे महाराष्ट्रातील अनेक मध्यमवर्गीय घरांत होती. नावात समुद्र असला तरी ती डाइव्ह घड्याळे नव्हेत. याच पेढीने १९६० च्या दशकात काढलेले ‘बाथी’ हे मात्र खरेखुरे डाइव्ह घड्याळ होते. त्याच्या पाठीमागील छिद्रांतून पाणी एका लवचिक पडद्यावर दाब देई आणि तबकडीवरील काटा खोली दाखवी. टाटा समूहाने ही पेढी २०११ मध्ये विकत घेतली होती व पुढे ती अन्य मालकीत गेली. भेंडीबाजाराजवळील मटन स्ट्रीटवरच्या चोरबाजारात जुनी घड्याळे आजही मिळतात. तेथे अस्सल जुने घड्याळ मिळत नाही असे नव्हे, पण विक्रेत्याच्या शब्दापेक्षा स्वतःच्या भिंगावर विसंबणे इष्ट.

जतन व वापर

जुने डाइव्ह घड्याळ पाण्यात नेऊ नये. तबकडीवर २०० मीटर छापलेले असले, तरी तो आकडा नव्या गास्केटसह कारखान्यातून निघालेल्या घड्याळाचा आहे. पन्नास वर्षांत रबर कडक होते, चावीचे आटे झिजतात, केसला आतून गंज लागतो. खारे पाणी एकदा आत गेले की तबकडी काही तासांत जाते. कोकणासारख्या दमट हवेत कोरडे ठेवणारी पुडी डबीत ठेवणे उपयुक्त ठरते, पण फार कोरड्या हवेत जुना लेप भुसभुशीत होऊन गळू शकतो, तेव्हा अतिरेक टाळावा.

यंत्राची सफाई व तेलपाणी काही वर्षांनी करणे आवश्यकच आहे. मात्र घड्याळ देताना तबकडी, काटे, कडे व केस यांना हात लावू नये, पॉलिश करू नये, बदललेला प्रत्येक भाग परत द्यावा, असे घड्याळजीला लेखी सांगावे. काढलेले भाग, अगदी मोडकी चावीसुद्धा, एका पाकिटात तारीख घालून घड्याळासोबत ठेवावेत. पुढील मालकाला कोणता भाग मूळचा व कोणता नंतरचा हे त्या पाकिटावरूनच कळते.